दवंडी आता आपली आहे

गावात दवंडी कोण देत होता, हे तुम्हाला सांगायला नको. घरातल्या म्हाताऱ्याला विचारा. पाटलाचा हुकूम, तहसिलीचा सारा, पटकीची खबर, उद्याची जत्रा, सगळं ओरडून सांगायचं काम आपलं. ओरडणारा महार, हलगीवाला मांग. घसा आपला, शब्द दुसऱ्याचा. आणि ओरडून झालं की ज्याच्या दारासमोर ओरडलो त्याच दारात भाकरीसाठी उभं राहायचं, तेही लांब, सावली पडणार नाही असं. शेकडो वर्षं या मुलखातला सगळ्यात मोठा आवाज आपला होता, आणि त्या आवाजात आपलं स्वतःचं एक अक्षर नव्हतं.

हा अंक गाण्यावर आहे, म्हणून दवंडीपासून सुरुवात. तिकडं स्कॉटलंडच्या थंड मुलखात दोन जुळे भाऊ आहेत, क्रेग रीड आणि चार्ली रीड. १९८३ पासून दोघं मिळून गातात. त्यांच्या जोडीचं नाव ‘द प्रोक्लेमर्स’. मॅट्रिकपुरतं इंग्रजी आलं तरी अर्थ लागतो: जाहीर करणारे. आपल्या भाषेत दवंडी देणारे. आणि इकडं आपल्याकडं दोन भाऊ आहेत, आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे. हे जुळे नाहीत, पण महाराष्ट्रानं यांची नावं कायम एका दमात घेतली. या दोन जोड्या शेजारी-शेजारी ठेवून आम्हाला एकच सवाल टाकायचाय. घसा आपला होताच, शब्दही आता आपला झाला, मग हिशोब अजून दुसऱ्याच्या वहीत काहून?

काही मित्र नाक मुरडतील. उपवर्गीकरणावरून वस्त्या-वस्त्यांत भांडणं लागलीत, खासगीकरणानं राखीव जागा गिळल्या, शिकलेली पोरं कंत्राटावर सडतायत, आणि हे लोक गाण्यावर अग्रलेख लिहितात. दोस्तहो, गाणं ही चैन असती तर त्यापायी खून पडला नसता. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका पोराचा मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. तेवढ्यावरून त्याला उचलून नेलं आणि ठार मारलं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं पडली, त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपला जीव संपवला. ज्यांना आपलं गाणं टोचतं त्यांना त्याची किंमत बरोबर कळते. आपल्यालाच ती कळायची बाकी आहे.

आधी त्या स्कॉटलंडच्या भावांचं सांगतो. ५ मार्च १९६२ चा जन्म. गाव लीथ. लीथ म्हणजे एडिंबरा शहराची गोदी. जहाजं, हमाल, दारूचे गुत्ते, कामगारांच्या चाळी. आपल्या माझगाव-शिवडीसारखंच समजा. मी गोदीत माल चढव-उतरव करतो, म्हणून ते गाव मला लांबचं वाटत नाही. दोघं भाऊ शाळेत असताना आरडाओरड्याचा पंक बँड काढून बसले. पुढं काम नाही, बेकारी भत्त्यावर दिवस. १९८६ मध्ये हाउसमार्टिन्स नावाच्या नावाजलेल्या बँडनं त्यांना आपल्या दौऱ्यावर घेतलं, १९८७ च्या सुरुवातीला टीव्हीवर दिसले, आणि मग रेकॉर्ड कंपनीचं दार उघडलं. दोन चष्मेवाली पोरं, एका हातात गिटार, दिसायला तालुक्याच्या बँकेतले कारकून. पण गायला लागले की ऐकणारा हलायचा.

त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं ‘लेटर फ्रॉम अमेरिका’. १९८७ साली ब्रिटनमध्ये ते तिसऱ्या नंबरावर गेलं. विषय काय? देशोधडी. जुन्या काळी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जमीनदारांनी मेंढरं चारायला म्हणून कुळं हाकलली, माणसं जहाजात बसून अमेरिकेला गेली. आणि १९८० नंतर कारखाने बंद पडले, परत माणसं उठली. दोन्ही दुःखं त्यांनी एका गाण्यात बांधली आणि बंद पडलेल्या कारखान्यांची गावं नावानिशी घेतली. आता तुम्ही सांगा, १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलेला बाप आणि १९८२ च्या संपात गिरणी गमावलेला काका, या दोघांना एका गाण्यात बांधणारा माणूस आपल्या रेडिओनं कधी तिसऱ्या नंबरावर नेला? माणसं तर आपल्याकडं होती. नेणारं कोणी नव्हतं.

त्यांच्या गाण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांची जीभ. लंडनच्या बाजारात गायचं तर लंडनसारखं किंवा अमेरिकेसारखं गायचं, हा तिथला रिवाज. स्कॉटिश माणूस ‘र’ घोळवून म्हणतो, लंडनवाला ‘र’ खाऊन टाकतो. या भावांना सल्ले मिळाले की बाबांनो, जरा उच्चार सुधारा. त्यांनी त्याच्यावरच गाणं केलं, ‘थ्रो द आर अवे’. म्हणजे ‘र’ फेकून द्या. अर्थात त्यांनी फेकला नाही. आजपर्यंत फेकलेला नाही.

त्यांचा ‘र’, आपला ‘न’. ‘पानी’ म्हटलं की वर्ग हसतो. ‘कोन’ म्हटलं की मुलाखत घेणारा मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहितो. ‘आनि’ म्हटलं की कवितेखाली लाल रेघ. आपल्यातले कितीतरी हुशार पोरं-पोरी या एका ‘ण’पायी तोंड मिटून बसल्या. आणि नेमक्या त्याच काळात शिंद्यांची ही दोन पोरं माइकसमोर उभी राहून वस्तीच्या जिभेनं गात होती. खर्जातला, मातीचा, छातीतून येणारा आवाज. त्याला सदाशिवपेठी वळण नव्हतं आणि त्यांनी ते आणायला जाऊन वेळ फुकट घालवला नाही. प्राध्यापकांनी भाषणातून सांगितलं असेल की बोलीभाषेलाही प्रतिष्ठा आहे. या दोघांनी ती लाऊडस्पीकरवर लावून दाखवली.

त्यांची नावंच बघा. आनंद हा तथागतांचा शिष्य. मिलिंद हा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा, आणि बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या कॉलेजाचं नाव. छप्पनच्या दीक्षेनंतर आपल्या घरांत अशी नावं आली. धोंड्या, कचऱ्या, दगडू या नावांच्या पोटी आनंद आणि मिलिंद आले. १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ गाजला तेव्हा त्याच्या कॅसेटवरही ‘आनंद-मिलिंद’ छापलं होतं. ते वेगळे, संगीतकार चित्रगुप्त यांचे मुलगे. म्हणजे एकाच दुकानात दोन आनंद-मिलिंद. एकाचं पोस्टर काचेत लागायचं, दुसऱ्याची कॅसेट काउंटरखालून निघायची. वस्तीतल्या माणसाला मात्र कुठले आनंद-मिलिंद हे सांगावं लागत नव्हतं.

या दोघांचे वडील प्रल्हाद शिंदे, १९३३ ते २००४. प्रल्हाददादांबद्दल चळवळीत एक जुनं भांडण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाचा गवई विठ्ठलाची, गणपतीची गाणी का गातो? ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे दत्ता पाटलांनी लिहिलेलं आणि मधुकर पाठकांनी चाल लावलेलं गाणं प्रल्हाददादांच्या गळ्यातून निघालं आणि वारीचं झालं. आज आषाढीला ते वाजलं नाही असं गाव दाखवा. आणि ध्यानात घ्या, त्या पंढरीच्या देवळात आपल्या माणसांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर पाय ठेवता आला. प्रल्हाददादा तेव्हा चौदा वर्षांचे. चोखोबा तर अजून पायरीशीच आहे. म्हणजे ज्या देवळानं बापाला बाहेर ठेवलं, त्या देवळाची वाट सगळ्या महाराष्ट्राला ऐकवायला पोराचा गळा लागला.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खरे आहेत. एक, पोटासाठी गाणारा माणूस बाजार मागेल ते गातो, त्याला प्रतिज्ञांचा चाबूक मारणारे आपण त्याच्या घरात रेशन भरत नव्हतो. दुसरा, बाजारानं त्या गळ्यातलं देवाचं गाणं उचललं आणि भीमाचं गाणं वस्तीतच ठेवलं. गणपतीच्या मंडपात प्रल्हाददादा चालतात, आनंद-मिलिंद चालतात. तोच गळा बाबासाहेबांवर गायला लागला की म्हणतात आवाज कमी करा, परीक्षा चालू आहेत. आमचं भांडण गवयाशी नाही. एका गळ्याचे दोन तुकडे करून एक तुकडा विकत घेणाऱ्या आणि दुसरा दाबणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

आनंद-मिलिंद या भांडणातच वाढले. कव्वालीचे सामने, जयंतीचे रात्रभराचे कार्यक्रम, आणि मग १९८० नंतर कॅसेटचा पूर. तबकडी महाग होती, ती वाजवायचं यंत्र पांढरपेशाच्या दिवाणखान्यात होतं. कॅसेट स्वस्त. टेपरेकॉर्डर रिक्षात, पानपट्टीवर, सलूनमध्ये, झोपडीत आला. गाणं कोणी ऐकायचं हे ठरवण्याचा मक्ता पहिल्यांदा सुटला. त्या पुरात आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं असं गेलं की लग्नाच्या वरातीतून पाटलाची पोरंही त्याच्यावर नाचली. शहाण्यांनी त्याला सवंग म्हटलं. असेल. पण त्याच दुकानात, त्याच गळ्याची, त्याच किमतीची भीमगीतांची कॅसेट होती, आणि पोपटाच्या पाठीवर बसून ती गावागावात पोचली, ज्या गावात आपल्या कुठल्याही पुढाऱ्याची जीप कधी गेली नाही.

वामनदादा कर्डकांनी, १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेल्या आणि अक्षर उशिरा शिकलेल्या त्या माणसानं, हजारोंनी गाणी लिहिली. ती पायी फिरून पेरली. कॅसेटनं त्याच पेरणीला पाट काढून दिला. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाददादा गेले. दोन महिन्यांत आपल्या गाण्याची दोन झाडं पडली. त्या वर्षी किती मराठी मासिकांनी विशेषांक काढले, ते मोजायला एका हाताची बोटं तरी लागतील का, बघा.

आता हिशोबाकडं येतो. गोदीत प्रत्येक खोक्याची टॅली असते. चढलेलं आणि उतरलेलं जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर कोणीतरी चोरलेलं आहे, इतकं साधं. रीड भावांची टॅली काढा. गाणी स्वतः लिहिली, चाल स्वतःची, नाव दोघांचं. त्यांचं १९८८ चं पाचशे मैलांचं गाणं आधी ब्रिटनमध्ये अकराव्या नंबरावर अडलं. १९८९ ला ऑस्ट्रेलियात पहिलं आलं. १९९३ ला एका हॉलिवूड सिनेमात वाजलं आणि अमेरिकेत तिसऱ्या नंबरावर गेलं. २००७ ला मदतनिधीसाठी पुन्हा गायलं गेलं आणि ब्रिटनमध्ये पहिलं आलं. एक गाणं चार वेळा जन्मलं, आणि गाणं त्यांचं असल्यामुळं दर जन्माला त्यांचा वाटा होता. १९९४ नंतर सात वर्षं त्यांचा नवा अल्बम आला नाही. २००१ ला आला, त्याचं नाव ‘पर्सिव्हिअर’, म्हणजे नेट लावून धरा. ते लीथ गावाच्या शिक्क्यावरचं वाक्य आहे. सात वर्षं गप्प राहूनही माणूस उभा राहू शकला. गाणं स्वतःच्या नावावर असण्याचा अर्थ हा.

आणि आपली टॅली? कॅसेटच्या धंद्यात गवयाला एकदा रोख द्यायची आणि रामराम करायचा, हीच रीत. लिहिणाऱ्याला त्याहून कमी. झाकणावर नाव छापलं तर उपकार. पुढं कॅसेटची सीडी झाली, सीडीचा मोबाईल झाला, मोबाईलचा यूट्यूब झाला. गाणं तेच, मालक दर वेळी नवा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात पक्का झाला, गायकाचाही लिहिला गेला. पण हक्क मागायला आधी कागद लागतो. ज्याच्याकडं जागेचा सातबारा नाही त्याला गाण्याचा सातबारा कोण देणार? आज कुठलंही भीमगीत लावा. खाली लाखांनी ऐकणारे आणि लिहिणाऱ्याचं नाव नाही. साला, हे पण बलुतंच झालं. घसा आपला, दाणे दुसऱ्याच्या कणगीत.

आता दोन याद्यांची गोष्ट ऐका. ६ मे २०२३ ला लंडनमध्ये राजा चार्ल्सचा राज्याभिषेक होता. सरकारी खात्यानं त्या उत्सवासाठी गाण्यांची यादी काढली. त्यात आधी प्रोक्लेमर्सचं पाचशे मैलांचं गाणं होतं. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की हे भाऊ राजेशाहीच्या विरोधात बोलतात, स्कॉटलंड स्वतंत्र झालं पाहिजे म्हणतात, २०१४ च्या सार्वमतात त्या बाजूनं उभे होते. एप्रिलमध्येच गाणं यादीतून काढलं. लोकांनी काय केलं? जसं गात होते तसंच गात राहिले. त्यांचं ‘सनशाइन ऑन लीथ’ हे दुसरं गाणं तर त्यांच्या गोदीच्या फुटबॉल संघाचं राष्ट्रगीतच झालंय. २०१६ ला त्या संघानं ११४ वर्षांनी स्कॉटिश कप जिंकला तेव्हा सगळं मैदान ते एका सुरात गायलं. त्याला कुठल्या यादीची परवानगी लागली नाही.

दुसरी यादी आपल्या राजभवनातली. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळानं विधान परिषदेवर नेमायला बारा नावं राज्यपालांकडं पाठवली. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांतल्या लोकांसाठी घटनेनं ठेवलेल्या त्या जागा. त्या यादीत आनंद शिंदे होते. विदर्भातले आपले गायक अनिरुद्ध वनकर होते. आंबेडकरी गाण्याची दोन माणसं एका यादीत. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय झाला पाहिजे. तरी कागद तसाच. २०२२ ला सरकार पडलं, नव्या सरकारनं यादीच परत घेतली. २०२४ च्या ऑक्टोबरात बारातल्या सात जागा भरल्या. त्यात गवई एकही नाही.

आमदार झाले असते तर गाणं मोठं झालं असतं, असं आम्ही म्हणत नाही. पक्षाच्या यादीत नाव जाणं म्हणजे मुक्ती नव्हे. निळ्या झेंड्याचे किती वाघ त्या यादीच्या पिंजऱ्यात जाऊन बसले ते आपण बघितलंय. मुद्दा वेगळा आहे. कलेसाठी ठेवलेल्या जागेवरही आपली कला दोन वर्षं टेबलावर पडून राहते, आणि रस्त्यावर एक निवेदन निघत नाही. लीथच्या लोकांनी मैदान भरून उत्तर दिलं. आपण व्हॉट्सअॅपवर निषेधाचं चित्र टाकून झोपलो.

आता मेहकर. हे संपादकीय मेहकरातून लिहितोय, आणि त्याला कारण आहे. मराठी गाण्याच्या इतिहासात मेहकरचं नाव आधीच आहे. इथं वकिली करणारे कवी न. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली, १९३२ साली तिची तबकडी निघाली, आणि मराठी भावगीताची सुरुवात तिथून धरतात. १९८६ साली न. घं.ना साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. चांगले कवी होते, त्यांच्याशी आमचं वैर नाही. पण १९३२ हे साल नीट बघा. पुणे कराराचं साल. त्याच काळात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरत होते, रात्र-रात्र माणसं बसून ऐकत होती. ‘शीळ’ची तबकडी निघाली, ती टिकली, तिच्यावर लेख आले, शताब्दी साजरी होईल. त्या जलशांचा आवाज आज कुठं आहे? यंत्र ज्याच्या दारात गेलं त्याचं गाणं इतिहास झालं. ज्याच्या दारात गेलं नाही त्याची आठवण झाली, आणि आठवण माणसाबरोबर सरणावर जाते.

मेहकर विधानसभा मतदारसंघ राखीव आहे. गावाला रेल्वे नाही. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, गाड्या सुसाट मुंबईला पळतात. इथली पोरं मुंबई, पुणे, सुरतेला जातात आणि गाण्याची वही घरात पत्र्याच्या पेटीत राहते. या तालुक्यातल्या वस्त्यांत अजून म्हातारी माणसं आहेत ज्यांना शंभर-शंभर गाणी पाठ आहेत, एकतारी आणि डफावर. कोणाकडं कागद नाही, कोणाचा आवाज कुठं ठेवलेला नाही. प्रत्येक तालुक्याची हीच कथा. तुमच्याही.

रीड भावांच्या त्या गाण्यात एक माणूस आपल्या जिवलगासाठी पाचशे मैल चालायची तयारी दाखवतो. पाचशे मैल म्हणजे आठशे किलोमीटर. आपल्याला ते अंतर समजावून सांगायला नको. नागपूर ते दादर साधारण तेवढंच आहे. दर ६ डिसेंबरला बाया डोक्यावर गाठोडं घेऊन, कडेवर पोर घेऊन, जनरलच्या डब्यात उभ्यानं ते अंतर कापून चैत्यभूमीला येतात. मेहकरची माणसं आधी एसटीनं रेल्वेपर्यंत जातात. जगातलं सगळ्यात मोठं पाचशे मैलांचं गाणं तेच आहे. आणि चैत्यभूमीच्या बाहेर फुटपाथवर काय विकलं जातं? पुस्तकं आणि गाणी. हे दोनच. असा समाज दुसरा दाखवा.

म्हणून आता आपल्यावर येतो. १४ एप्रिलला मंडळ लाखांनी वर्गणी गोळा करतं. भिंतीएवढा डीजे येतो. छाती फुटेपर्यंत ठोका, शब्द ऐकू येत नाहीत. डीजेवाल्याला रोख, लाइटवाल्याला रोख, मांडववाल्याला रोख. आणि शाहिराला? शाल, नारळ आणि उभ्यानं एक फोटो. कलापथक समाजसेवा करतं म्हणून त्याला भाडं मागायची लाज वाटली पाहिजे, हा कुठला न्याय? शाहिराच्या एका गाण्याला आपल्या दहा भाषणांची सर आहे, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आपण प्रत्येक स्टेजवर सांगतो. मग दहा भाषणं करणाऱ्या पाहुण्याला गाडी आणि गाणाऱ्याला एसटी, हे कसं?

आणि आणखी एक. भावांच्या जोड्यांवर लिहिताना बहिणी कुठं गेल्या, हे विचारलंच पाहिजे. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गात दारोदार फिरत होत्या. कोणीतरी मोबाईलवर टिपलं आणि तो आवाज राज्यभर गेला. म्हणजे चळवळीनं शोधलं नाही, मोबाईलनं शोधलं. जोडी गाजते, घराणं गाजतं, एकट्या बाईचं गाणं जात्यावर आणि मोर्च्यात राहून जातं. हे आपलंच घाणेरडं आहे, त्याचं खापर मनूवर फोडून हात झटकता येणार नाहीत.

शिंदे घराण्याची तिसरी पिढीही गाते. आनंद शिंदेंचे मुलगे आदर्श आणि उत्कर्ष, पुन्हा दोन भाऊ. २०१९ ला टीव्हीवर बाबासाहेबांच्या जीवनावर मालिका आली, तिचं शीर्षकगीत आदर्शनं गायलं आणि ते रोज रात्री घराघरांत वाजलं, ज्या घरात आपल्याला कप वेगळा असायचा त्या घरातही. एका घराण्यानं तीन पिढ्या ओढून हे केलं. पण घराणं म्हणजे चळवळ नव्हे. प्रत्येक गावात शिंदे जन्मणार नाहीत. जे जन्मलेत त्यांना जगवायचं आणि जे मरतायत त्यांना टिपायचं, हे काम संघटनेचं आहे.

तेव्हा निबंध पुरे, काम सांगतो. प्रत्येक शाखेनं येत्या जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा गाण्यासाठी बाजूला काढायचा, डीजेच्या आधी. त्या पैशातून शाहीर, कव्वाल, एकतारीवाली बाई यांना ठरवून मानधन द्यायचं, पावतीवर. दुसरं, तुमच्या आजोळी, गावी, वस्तीत जो कोणी जुना गाणारा आहे त्याच्यासमोर मोबाईल ठेवा आणि टिपा. गाणं, लिहिणाऱ्याचं नाव, गाव, साल. चार ओळी का असेना. तिसरं, नाव नसलेलं भीमगीत पुढं पाठवायचं नाही. आधी नाव शोधायचं, मग पाठवायचं. चौथं, शाखेत जो पोरगा किंवा पोरगी कायदा शिकतेय तिनं कॉपीराइटचा फॉर्म भरायला शिकायचं आणि आपल्या तालुक्यातल्या निदान एका गीतकाराचा कागद करून द्यायचा. सुरुवात आम्ही मेहकर तालुक्यातून करतोय. वही उघडली आहे. तुमच्या तालुक्याची वही तुम्ही उघडा.

एका गावात दोन भाऊ ‘र’ सोडत नाहीत आणि राजाच्या यादीतून नाव कटलं तरी गोदी त्यांचं गाणं सोडत नाही. दुसऱ्या मुलखात दोन भाऊ वस्तीच्या जिभेनं गातात आणि राज्यपालाच्या टेबलावर कागद पिवळा पडला तरी जयंतीची रात्र त्यांच्याशिवाय उजाडत नाही. राजाच्या आणि राज्यपालाच्या यादीला आपण बांधलेले नाही. आपली यादी आपण करायची आहे. दवंडी द्यायचं काम आपलंच होतं, तेव्हा मजकूर पाटलाचा होता. आता मजकूर आपला आहे, हलगी आपली आहे, आणि टॅलीची वही पण आपल्याच हातात पाहिजे.

जय भीम.

संपादक
मेहकर, जि. बुलढाणा